विश्लेषण : कंबरदुखीआड लपणारी पेल्व्हिसची गाठ... उशिरा का कळते? पाय वाचवता येतो का?

कंबर किंवा मांडी दुखते म्हणून आधी मलम, मग शेक, मग मालिश, मग मणक्याचा एमआरआय; तरीही दुखणे थांबत नाही. पेल्व्हिसच्या, म्हणजे कंबरेखालच्या हाडांच्या कड्याच्या गाठी असलेल्या अनेक रुग्णांचा प्रवास असाच सुरू होतो. या गाठी दुर्मीळ असतात आणि बहुतेक कंबरदुखीचा कर्करोगाशी काहीही संबंध नसतो. मात्र ज्यांची गाठ खरोखर घातक असते, त्यांच्याबाबत सुरुवातीच्या काही आठवड्यांतल्या दोन गोष्टी पुढचे बरेच काही ठरवून टाकतात. दुखणाऱ्या जागेची तपासणी वेळेवर झाली का, ही पहिली गोष्ट. आणि गाठीत पहिली सुई कोणी व कुठून टोचली, ही दुसरी. पाय वाचणार की नाही, हेही अनेकदा या दोन गोष्टींवर अवलंबून असते.

पेल्व्हिस म्हणजे नेमका कोणता भाग?

हात कमरेवर ठेवल्यावर तळव्याला जी हाडाची कड लागते, ती पेल्व्हिसची वरची बाजू. तिला इलियम म्हणतात. खुर्चीवर बसल्यावर शरीराचा भार ज्या हाडावर येतो ते इश्चियम आणि पुढच्या बाजूला दोन्ही जांघांच्या मध्ये असलेले हाड म्हणजे प्युबिस. ही तीन हाडे वाढत्या वयात एकमेकांना जोडली जातात आणि जिथे ती मिळतात, तिथे खुब्याची उखळ तयार होते. मांडीच्या हाडाचा गोल याच उखळीत फिरतो. मागच्या बाजूला त्रिकोणी सेक्रम आणि त्याखाली माकडहाड असते. मराठी पाठ्यपुस्तकांत या कड्याला श्रोणी म्हटले जाते.

उभे राहताना आणि चालताना पाठीच्या कण्यातून येणारा सगळा भार या कड्यातून दोन्ही पायांत उतरतो. कड्याच्या आत मूत्राशय, गुदाशय, स्त्रियांमध्ये गर्भाशय, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असे सगळे दाटीवाटीने असते. हातापायाच्या हाडावर लिंबाएवढी गाठ आली तरी ती डोळ्यांना दिसते. पेल्व्हिसमधली गाठ मात्र आतल्या पोकळीकडे वाढत राहते आणि नारळाएवढी होईपर्यंतही बाहेरून जाणवत नाही, असे होऊ शकते.

इथे कोणत्या घातक गाठी होतात?

चाळिशीनंतर पेल्व्हिसच्या हाडात कर्करोग आढळला, तर तो बहुधा तिथे सुरू झालेला नसतो. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा थायरॉइडचा कर्करोग रक्तावाटे हाडात पोहोचलेला असतो. हाडांत पसरताना कर्करोग सर्वाधिक मणक्यांत जातो आणि त्याखालोखाल पेल्व्हिसमध्ये. मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोगही याच वयात इथे दिसतो.

हाडातच सुरू होणारे कर्करोग, म्हणजे सारकोमा, त्या मानाने फारच कमी. सगळ्या कर्करोगांत त्यांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. पेल्व्हिसमध्ये त्यांचे मुख्य तीन प्रकार आढळतात. प्रौढांमध्ये, विशेषतः ४० ते ७० या वयात, कूर्चेपासून होणारा कॉन्ड्रोसारकोमा सर्वात जास्त. मुलांमध्ये आणि किशोरवयीनांमध्ये युइंग सारकोमा. अमेरिकी डॉक्टर जेम्स युइंग यांनी १९२१ मध्ये त्याचे वर्णन केले म्हणून हे नाव. तिसरा ऑस्टिओसारकोमा. तो जास्त करून गुडघ्याजवळ होतो, पेल्व्हिसमध्ये कमी. याशिवाय सेक्रममध्ये कॉर्डोमा नावाची संथ वाढणारी, पण चिवट गाठ होते.

दिसलेली प्रत्येक गाठ कर्करोगच असते का?

नाही, आणि हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगितले जाणे गरजेचे असते. ऑस्टिओकॉन्ड्रोमा म्हणजे हाडावर उगवलेला कूर्चेची टोपी असलेला उंचवटा. तो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. मात्र वाढ थांबल्यानंतरच्या वयात तो पुन्हा मोठा होऊ लागला किंवा कूर्चेची टोपी दोन सेंटीमीटरहून जाड दिसली, तर संशय घ्यावा लागतो. फायब्रस डिसप्लेसिया, हाडातील रक्ताने भरलेल्या पोकळ्या म्हणजे अन्युरिझमल बोन सिस्ट, जायंट सेल ट्यूमर हे कर्करोग नाहीत. त्यातला जायंट सेल ट्यूमर हाड पोखरतो, त्यामुळे त्यावर उपचार करावेच लागतात.

भारतात आणखी एका आजाराचा विचार आधी करावा लागतो, तो म्हणजे क्षयरोग. सेक्रम आणि इलियम यांच्यातल्या सांध्याचा क्षय एमआरआयवर गाठीसारखा दिसू शकतो. तो निघाला तर उपचार मुख्यतः गोळ्यांचा असतो. सकाळी उठल्यावर ताठरणारी आणि हालचाल केल्यावर मोकळी होणारी तरुणांची कंबर अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसकडे बोट दाखवते. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेने हाडे मऊ झालेल्या स्त्रियांमध्ये प्युबिसला बारीक भेगा पडतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्या स्त्रियांच्या सेक्रमलाही काही महिन्यांनी अशा भेगा पडू शकतात. स्कॅनमध्ये त्या चमकल्या की कर्करोग हाडात पसरला, असे वाटून घरातल्यांच्या पायाखालची वाळू सरकते. प्रत्यक्षात बऱ्याचदा ते अशक्त झालेले हाड असते. म्हणून केवळ स्कॅनच्या अहवालावरून निष्कर्ष काढता येत नाही.

निदानाला इतका उशीर का होतो?

पहिले कारण म्हणजे दुखण्याची जागा फसवी असते. खुब्याच्या उखळीजवळची गाठ जांघेत किंवा थेट गुडघ्यात दुखते. सेक्रमची गाठ पायात कळ मारते आणि ‘सायटिका’ म्हणून महिनोन्‌महिने उपचार होत राहतात. अशा वेळी मणक्याचा एमआरआय काढला जातो. त्यात एखादी सरकलेली चकती सापडते, कारण मध्यमवयीन माणसांच्या एमआरआयमध्ये ती सर्रास दिसते. दुखण्याचे कारण सापडले असे सगळ्यांना वाटते आणि कंबरेचा पट्टा बांधून रुग्ण घरी जातो. मणक्याच्या एमआरआयमध्ये पेल्व्हिसचा बराचसा भाग आलेलाच नसतो.

दुसरे कारण साध्या एक्स-रेची मर्यादा. हाडातील ३० ते ५० टक्के खनिज नष्ट झाल्याशिवाय पोखरलेला भाग एक्स-रेवर उठून दिसत नाही. त्यात पेल्व्हिसच्या समोर आतडी असतात. त्यातील हवा आणि मळ यांच्या सावल्या हाडावर पडतात आणि सेक्रमसारखा भाग त्यांच्याआड हरवतो. ‘फोटो नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘हाड नॉर्मल आहे’ असा होतोच असे नाही.

तिसरे कारण वय आणि खेळ. शाळा-कॉलेजातील मुलगा कबड्डी किंवा क्रिकेट खेळताना पडतो, दुखायला लागते आणि सगळा दोष त्या पडण्यावर जातो. मार लागल्याने सारकोमा होतो असा पुरावा नाही. मार केवळ आधीपासून असलेल्या गाठीकडे लक्ष वेधतो. युइंग सारकोमात ताप येतो, रक्तातला ईएसआर वाढतो. त्यामुळे हाडात पू झाला असे समजून प्रतिजैविके दिली जातात आणि आणखी काही आठवडे जातात.

चौथे कारण घरगुती उपाय. सुजलेल्या जागी जोरात मालिश करणे, हाडवैद्याकडून ‘बसवून’ घेणे, लेप लावणे यांत वेळ तर जातोच, शिवाय पोखरलेले हाड मोडण्याचा धोकाही असतो.

कोणती लक्षणे दुर्लक्षित करू नयेत?

साधी कंबरदुखी काम केल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर कमी होते. गाठीचे दुखणे उलट वागते. ते विश्रांतीतही राहते, रात्री झोपेतून उठवते आणि आठवड्यागणिक वाढत जाते. दुखणे चार ते सहा आठवड्यांत कमी होण्याऐवजी वाढत असेल, जांघेत किंवा नितंबावर घट्ट फुगवटा लागत असेल, लंगडत चालावे लागत असेल, विनाकारण वजन घटत असेल, तर पेल्व्हिसची तपासणी मागून घ्यावी. एका पायात बधिरता येणे, लघवी तुंबणे किंवा शौचावरचा ताबा जाणे ही लक्षणे असतील, तर वाट पाहूच नये. पूर्वी स्तन, प्रोस्टेट, मूत्रपिंड किंवा थायरॉइडचा कर्करोग होऊन गेला असेल आणि नव्याने खुबा दुखू लागला असेल, तर तो इतिहास डॉक्टरांना आठवणीने सांगावा, मग त्याला दहा वर्षे झाली असली तरी.

निदानाची पायरी कशी असते?

सुरुवात पूर्ण पेल्व्हिसच्या एक्स-रेने होते. संशय राहिला, तर पेल्व्हिसचा एमआरआय. गाठ हाडात किती पसरली आहे, बाहेरच्या स्नायूंत किती आली आहे, सायटिक मज्जातंतू आणि मोठ्या रक्तवाहिन्या तिच्यापासून किती दूर आहेत, हे त्यात दिसते. सीटी स्कॅन हाडाची झीज आणि कूर्चेतील चुन्याचे ठिपके नीट दाखवतो. सारकोमा आधी फुप्फुसात पसरतो, म्हणून छातीचा सीटी स्कॅन अनिवार्य असतो. शरीरात इतरत्र काही आहे का, हे पाहण्यासाठी बोन स्कॅन किंवा पेट-सीटी केला जातो.

चाळिशीच्या पुढच्या रुग्णात मूळ कर्करोग शोधणे हा तपासणीचा मोठा भाग असतो. रक्तातील प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी मायलोमासाठी, पीएसए चाचणी पुरुषांतील प्रोस्टेटसाठी, तसेच स्तन आणि थायरॉइडची तपासणी, छाती-पोटाचा सीटी स्कॅन. इथे एक चूक महागात पडते. पेल्व्हिसमधली एकुलती एक गाठ ‘पसरलेला कर्करोगच असणार’ असे गृहीत धरून तिच्यात स्क्रू किंवा सिमेंट घातले आणि नंतर ती मूळ हाडाचाच सारकोमा निघाली, तर बरा होऊ शकणारा आजार त्या शस्त्रक्रियेमुळे आजूबाजूला पसरलेला असतो.

बायोप्सी एवढी नाजूक का मानली जाते?

‘सुई लावली की कर्करोग पसरतो’ ही समजूत महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येते आणि तिच्यापायी कित्येक जण तपासणीच टाळतात. नीट केलेल्या बायोप्सीने आजार बळावत नाही आणि तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरवताच येत नाहीत. मात्र हाडांच्या सारकोमाबाबत एक नियम काटेकोरपणे पाळावा लागतो. सुई ज्या वाटेने जाते, त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडू शकतात. म्हणून पुढे शस्त्रक्रिया करताना ती संपूर्ण वाट, त्वचेवरच्या टाक्यासह, गाठीबरोबर कापून काढायची असते. सुई शस्त्रक्रियेच्या नियोजित छेदाच्या रेषेवरूनच गेलेली असेल तरच हे शक्य होते.

ती नितंबाच्या स्नायूतून भलत्याच कोनातून गेली, तर पुढे जखम झाकण्यासाठी लागणारा तोच स्नायू गमवावा लागतो. सेक्रमच्या गाठीची बायोप्सी गुदाशयातून केली, तर निरोगी गुदाशयही काढण्याची वेळ येऊ शकते. म्हणूनच ज्या केंद्रात शस्त्रक्रिया होणार आहे, तिथल्याच तुकडीने बायोप्सी करावी किंवा तिची वाट तरी ठरवून द्यावी, असा आग्रह जगभर धरला जातो.

त्यामागे ठोस अनुभव आहे. अमेरिकेतील अस्थिरोग शल्यविशारद हेन्री मॅन्किन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ३२९ रुग्णांच्या बायोप्सीचा आढावा प्रसिद्ध केला. चुकीच्या बायोप्सीमुळे साडेचार टक्के रुग्णांचा हात किंवा पाय विनाकारण कापावा लागला होता. चौदा वर्षांनी, १९९६ मध्ये ५९७ रुग्णांचा दुसरा आढावा आला आणि परिस्थिती फारशी सुधारलेली नव्हती. विशेष केंद्राऐवजी आधीच्या रुग्णालयात बायोप्सी झालेल्यांत चुका आणि गुंतागुंत कितीतरी पटींनी जास्त होती.

आता बहुतेक ठिकाणी चिरा न देता सीटी स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली जाड सुईने तुकडा काढला जातो. त्याचा एक भाग पॅथॉलॉजीकडे आणि एक भाग जंतूंच्या व क्षयाच्या तपासणीकडे पाठवणे भारतात विशेष महत्त्वाचे. युइंग सारकोमाची खात्री करण्यासाठी पेशींतील गुणसूत्रांचा बदलही तपासला जातो. गाठ दुर्मीळ असल्याने काचपट्ट्या हाडांच्या गाठींचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घेण्यात काहीच गैर नाही. त्यासाठी बायोप्सी केलेल्या ठिकाणाहून ‘ब्लॉक’ आणि ‘स्लाइड’ मागून घेण्याचा रुग्णाला अधिकार आहे.

उपचार कशावरून ठरतात?

गाठीच्या प्रकारावरून. जागा एकच असली तरी उपचार पूर्णपणे वेगळे असतात. युइंग सारकोमा केमोथेरपी आणि रेडिएशन या दोन्हींना दाद देतो. म्हणून आधी काही महिने केमोथेरपी देऊन गाठ लहान केली जाते. मग शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा दोन्ही आणि त्यानंतर पुन्हा केमोथेरपी. सगळे मिळून वर्षभराच्या आसपास जाते. आजार एकाच जागी असताना उपचार पूर्ण केले, तर पाच वर्षांनंतर साधारण ७० टक्के रुग्ण हयात असतात. निदानाच्या वेळीच तो इतरत्र पसरलेला असेल, तर हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली येते. पेल्व्हिसमधल्या गाठी मोठ्या होऊन मगच कळतात, त्यामुळे त्यांचे निकाल हातापायांतील गाठींपेक्षा कमी चांगले असतात. उशिराची किंमत किती असते, ते या आकड्यांवरून कळते.

ऑस्टिओसारकोमात केमोथेरपी आणि शस्त्रक्रिया दोन्ही लागतात. कॉन्ड्रोसारकोमा मात्र केमोथेरपीला जवळपास जुमानत नाही आणि नेहमीच्या रेडिएशनलाही फारसा नाही. तिथे निरोगी कडेसह गाठ एकसंध काढणे हाच बरे होण्याचा मार्ग. हाताच्या बोटातील कमी तीव्रतेची कूर्चेची गाठ खरवडून चालते. पेल्व्हिसमध्ये तसे केले, तर ती परत येते आणि परतताना अधिक आक्रमक झालेली असू शकते. जायंट सेल ट्यूमरसाठी डेनोसुमॅब हे इंजेक्शन २०१३ पासून उपलब्ध आहे. सेक्रमसारख्या अवघड जागी ते गाठीला आवर घालते.

उपचार सुरू होण्याआधी तरुण रुग्णांशी आणखी एक विषय बोलायला हवा. केमोथेरपी आणि पेल्व्हिसचे रेडिएशन या दोन्हींनी पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. वीर्य किंवा स्त्रीबीज आधीच गोठवून ठेवता येते. संकोचापोटी हा विषय राहून जातो आणि उपचार सुरू झाल्यावर वेळ निघून गेलेली असते.

पाय न कापता गाठ काढणे कसे शक्य झाले?

अर्धे पेल्व्हिस पायासह काढण्याचा प्रयत्न व्हिएन्नाचे शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी १८९१ मध्ये केला. तो रुग्ण वाचला नाही. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडचे शार्ल जिरार यांना ही शस्त्रक्रिया यशस्वी करता आली. त्यानंतरची अनेक दशके पेल्व्हिसचा सारकोमा म्हणजे पाय जाणारच, असे समीकरण होते. सीटी, एमआरआय आणि परिणामकारक केमोथेरपी आल्यावर चित्र पालटले. गाठीची हद्द आधीच नेमकी कळू लागली, त्यामुळे पाय जागेवर ठेवून केवळ हाडाचा बाधित भाग काढणे शक्य झाले.

१९७८ मध्ये विल्यम एनेकिंग आणि विल्यम डनहॅम यांनी या शस्त्रक्रियांची विभागणी केली. ती आजही वापरात आहे. पहिला प्रकार इलियमचा, दुसरा खुब्याच्या उखळीचा, तिसरा प्युबिस आणि इश्चियमचा. सेक्रम गुंतलेला असल्यास चौथा. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात बऱ्याचदा काढलेल्या जागी काही बसवावे लागत नाही. रुग्ण काही महिन्यांत बऱ्यापैकी चालू लागतो. सर्वात अवघड दुसरा, कारण उखळ गेली की पाय पेल्व्हिसपासून सुटतो.

आजही काहींच्या बाबतीत पाय काढणे हाच योग्य निर्णय ठरतो. सायटिक मज्जातंतू, मांडीकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी व मज्जातंतू आणि खुब्याची उखळ या तिन्हींपैकी दोन गाठीत गुरफटले असतील, तर वाचवलेला पाय उपयोगाचा राहत नाही. गाठ अर्धवट सोडून पाय वाचवणे हा सौदा जिवावर बेततो.

काढलेल्या हाडाच्या जागी काय बसवतात?

एकच उत्तर नाही. एक मार्ग म्हणजे काहीही न बसवणे. मांडीच्या हाडाचा गोल वरच्या उरलेल्या हाडाशी जाळी आणि टाक्यांनी बांधला जातो, तिथे घट्ट व्रण तयार होतो. पाय काही सेंटीमीटर आखूड होतो, बुटाला उंच तळ लावावा लागतो, पण जंतुसंसर्गाचा धोका कमी राहतो. दुसरा मार्ग धातूचे कृत्रिम पेल्व्हिस. सीटी स्कॅनवरून रुग्णाच्या मापाचे टायटॅनियमचे रोपण थ्रीडी प्रिंटिंगने बनवता येते. ते महाग असते, बनायला वेळ लागतो आणि संसर्ग झाला तर काढावे लागते.

तिसऱ्या मार्गात रुग्णाचेच हाड वापरले जाते. गाठीसह हाड शरीराबाहेर काढायचे, त्यावरची गाठ साफ करायची, उरलेल्या हाडाला रेडिएशनचा एकच मोठा डोस देऊन त्यातील सगळ्या पेशी मारायच्या आणि तेच हाड प्लेट-स्क्रूने परत बसवायचे. हे सगळे रुग्ण टेबलावर असताना होते. हाडाचे माप तंतोतंत जुळते आणि रोपणाचा खर्च वाचतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही ही पद्धत वापरली गेली आहे.

नव्या तंत्रज्ञानाने काय फरक पडला?

पेल्व्हिसचा आकार वेडावाकडा असतो. कापताना काही मिलिमीटरची चूक झाली, तरी गाठ फुटते किंवा निरोगी हाड जास्त जाते. संगणकीय नेव्हिगेशनमध्ये शल्यविशारदाच्या हत्याराचे टोक रुग्णाच्या स्कॅनवर नेमके कुठे आहे, ते पडद्यावर दिसत राहते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या तुकडीने २०१३ मध्ये मांडलेल्या अनुभवात गाठ कापली जाण्याचे प्रमाण आधीच्या २९ टक्क्यांवरून ९ टक्क्यांच्या खाली आले. रुग्णसंख्या लहान असली तरी दिशा स्पष्ट होती. थ्रीडी प्रिंट केलेले कापणीचे साचे हा त्याचाच कमी खर्चाचा पर्याय.

शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या गाठींसाठी प्रोटॉन किरण उपयोगी पडतात. ते ठरावीक खोलीवर जाऊन थांबतात, त्यामुळे गाठीला जास्त मात्रा देऊनही आतडी आणि मूत्राशय तुलनेने वाचतात. नवी मुंबईत खारघर येथील टाटा मेमोरियल सेंटरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये २०२३ पासून ही सुविधा सुरू आहे. जपानमध्ये सेक्रमच्या कॉर्डोमासाठी कार्बन आयन किरण अनेक वर्षे वापरले जात आहेत.

कर्करोग पसरून हाडात आला असेल तर?

इथे उद्देश बदलतो. दुखणे थांबवणे आणि माणसाला उभे ठेवणे हे पहिले काम असते. रेडिएशनचा ८ ग्रेचा एकच डोस अनेक रुग्णांचे दुखणे कमी करतो. पंधरा दिवस रोज रुग्णालयात खेटे घालण्याची गरज प्रत्येकाला नसते. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब ही औषधे हाडांची झीज रोखतात. ती सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत, कारण उपचार सुरू असताना दात काढल्यास जबड्याचे हाड कुजण्याचा धोका असतो.

उखळीला भेग पडण्याच्या बेतात असेल, तर सुईतून हाडांचे सिमेंट भरून तिला आधार देता येतो. हाड जास्त पोखरले असेल, तर लांब पिना, सिमेंट आणि कृत्रिम खुबा एकत्र वापरले जातात. मूत्रपिंड आणि थायरॉइडमधून आलेल्या गाठी रक्ताने गच्च भरलेल्या असतात. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी त्यांचा रक्तपुरवठा आतून बंद केला जातो. ‘चौथी पायरी आहे, आता काय उपयोग’ असे म्हणून रुग्णाला खाटेवर ठेवणे योग्य नाही. स्तन, प्रोस्टेट किंवा थायरॉइडच्या कर्करोगात अशा रुग्णांपुढे काही वर्षांचे आयुष्य असू शकते. ती वर्षे चालताफिरता घालवणे शक्य असते.

शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य कसे असते?

ही शस्त्रक्रिया आठ-दहा तासही चालू शकते आणि भरपूर रक्त लागते. नंतरचा सर्वात मोठा शत्रू जंतुसंसर्ग. जखम मोठी, आतली पोकळी मोठी आणि केमोथेरपीने प्रतिकारशक्ती कमी झालेली. काहींना पुन्हा टेबलावर जावे लागते. सेक्रमच्या शस्त्रक्रियेत खालच्या मज्जातंतूंचा बळी द्यावा लागला, तर लघवी, शौच आणि लैंगिक क्षमतेवर परिणाम होतो. एका बाजूचे मज्जातंतू वाचवता आले, तर यातले बरेच काही टिकू शकते. या गोष्टी रुग्णाला आणि जोडीदाराला आधी सांगितलेल्या असतील, तर नंतरचा धक्का कमी बसतो.

फिजिओथेरपी हा उपचाराचाच भाग आहे. आधी वॉकर, मग कुबड्या, मग काठी, असा प्रवास सहा महिने ते वर्षभर चालतो. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे अनेकांना जमत नाही. घरात उंच आसनाचे शौचालय आणि धरायला दांडा ही छोटी वाटणारी सोय गावाकडे मोठा फरक करते. आजार फुप्फुसात किंवा त्याच जागी परत येऊ शकतो, म्हणून पहिली काही वर्षे दर तीन-चार महिन्यांनी छातीचा आणि पेल्व्हिसचा फोटो वा स्कॅन चुकवायचा नसतो. बरे वाटते म्हणून तपासणी सोडणारे रुग्ण पुन्हा मोठी गाठ घेऊन येतात.

रुग्णाने कुठे जावे, खर्चाचे काय?

या गाठींवर अस्थिरोग शल्यविशारद, केमोथेरपीचे तज्ज्ञ, रेडिएशन तज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात, अशाच ठिकाणी उपचार व्हायला हवेत. देशभरातील कर्करोग केंद्रांना जोडणारे नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ मध्ये उभे राहिले. जवळचे केंद्र शोधताना त्याचा उपयोग होतो. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र कोणती शस्त्रक्रिया आणि कोणते रोपण त्यात बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे. उरलेल्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि रुग्णालयातील समाजसेवा विभाग हे मार्ग आहेत. परगावाहून मुंबईत येणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आधार आहे.

तालुक्याच्या डॉक्टरांची भूमिका इथे सर्वात मोलाची ठरते. त्यांनी गाठ काढायची नाही, तिच्यात सुईही टोचायची नाही. रात्री जागवणारे, वाढत जाणारे दुखणे ऐकून पूर्ण पेल्व्हिसचा फोटो काढायचा, शंका राहिली तर एमआरआय करायला सांगायचा आणि सगळे कागद देऊन रुग्णाला योग्य केंद्राकडे पाठवायचे. रुग्णानेही ‘आधी इथेच तुकडा काढून बघू’ असा आग्रह धरू नये. मोठ्या केंद्रात तारीख मिळायला आठ दिवस लागले तर ते भरून निघतात. चुकीच्या जागी टोचलेल्या सुईची वाट मात्र नंतर बदलता येत नाही.